बखर आणि रोजकीर्द : लग्नाच्या छायाचित्राचा इतिहास

लग्नाचे छायाचित्र हा इतिहासाचा विषय आहे असे कोणी म्हटल्यास पुष्कळांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. लढाया, तह, राज्यांच्या उलाढाली यांना इतिहास म्हणावे आणि बैठकीच्या भिंतीवरील वधूवरांच्या तसबिरीला घरगुती आठवण म्हणून सोडून द्यावे, अशी आपली साधारण रीत आहे. परंतु सामान्य कुटुंबाच्या हाती स्वतःच्या भूतकाळाचे जे कागद राहतात, ते तीन-चारच असतात : एखादी जन्मपत्रिका, एखादे खरेदीखत, बदलीचे काही हुकूम आणि लग्नाचा अल्बम. यांपैकी पहिले तीन कागद कुळाविषयी सांगतात. माणसांची तोंडे फक्त चौथ्यात दिसतात. ज्यांना नोकरीच्या निमित्ताने दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते आणि ज्यांच्या मुलांना आजोळ उन्हाळ्याच्या सुटीपुरतेच ठाऊक असते, अशा आमच्या वाचकांच्या घरी तर या अल्बमाला कुलवृत्तांताचीच योग्यता आलेली असते.

गेल्या काही वर्षांत दिल्लीभोवतीच्या मुलुखात, विशेषतः गुरुग्रामात, या बाबतीत एक नवी रीत रूढ झाली आहे. लग्न शहरातील सभागृहात न करता सोहना किंवा पतौडीच्या बाजूला, शेतशिवारात, अरवलीच्या पायथ्याशी करावयाचे, आणि त्यासाठी ‘डॉक्युमेंटरी’ पद्धतीचा छायाचित्रकार ठरवावयाचा. हा छायाचित्रकार कोणाला ‘इकडे पाहा’ म्हणत नाही, रांगेने उभे करीत नाही, विधी थांबवीत नाही. जे घडते ते घडत असताना टिपतो, असा त्याचा दावा असतो. दिल्लीत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता हा मार्ग चोखाळू लागली आहेत. तेव्हा हा माणूस कोठून आला आणि त्याला घरात घेताना आपण त्याच्या हाती नेमके काय सोपवतो, याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

या विचारासाठी आम्हांला आपल्याच परंपरेतील एक भेद उपयोगी वाटतो. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस, महाराष्ट्रापासून दूर जिंजीच्या किल्ल्यात, राजारामांच्या आज्ञेवरून. ती बखर. बखर धन्याच्या सांगण्यावरून, घटना घडून गेल्यावर आणि पुढच्या पिढीने अभिमान बाळगावा या हेतूने लिहिली जाते. याउलट पेशव्यांच्या दप्तरातील रोजकीर्द. तीत त्या दिवशीचा जमाखर्च त्याच दिवशी उतरलेला असतो. लिहिणाऱ्या कारकुनाला इतिहास घडवावयाचा नसतो, तारीख आणि रक्कम चुकवावयाची नसते एवढेच. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा बखरींच्या कालविपर्यासावर कठोर टीका करून अस्सल पत्रांची बाजू त्यांनी घेतली. लग्नाच्या छायाचित्राचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास हा असाच बखरीकडून रोजकिर्दीकडे झालेला प्रवास आहे. मात्र रोजकीर्दही शेवटी कोणाच्या तरी पदरी असलेल्या कारकुनानेच लिहिलेली असते, हे विसरून चालत नाही.

छायाचित्रणाची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचे लग्न त्यानंतर काही महिन्यांनी, १० फेब्रुवारी १८४० रोजी झाले. त्याचे छायाचित्र नाही. अठरा वर्षांनी, २५ जानेवारी १८५८ रोजी, तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी मात्र मुलगी आणि आईबाप कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्या चित्रात राणीची आकृती पुसट उमटली आहे, कारण मनाच्या कालवाकालवीमुळे तिला स्थिर उभे राहवले नाही. चित्रकाराच्या दृष्टीने ते चित्र बिघडले. आज पाहणाऱ्याला त्यातील सर्वांत खरी गोष्ट तीच वाटते. पुढच्या दीडशे वर्षांचा सगळा वाद या एका पुसट आकृतीत साठवला आहे असे म्हणता येईल.

मुंबईने ही विद्या फार लवकर उचलली. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्या कामात होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामणांसारखे धंदेवाईक छायाचित्रकार त्या पिढीत तयार झाले. म्हणजे मराठी माणसाला कॅमेरा काही परका नव्हता. तरीही त्या काळी लग्नाच्या मांडवात कॅमेरा गेला नाही, याची कारणे यंत्रातच होती. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. उजेड सूर्याचाच. माणसाने काही सेकंद निश्चल राहावयाचे. अशा यंत्राला सप्तपदी कशी दिसणार? चालणारी वधू त्याला धुक्यासारखी दिसली असती. म्हणून लग्न आटोपल्यावर, चांगला दिवस पाहून, वधूवरांनी चित्रशाळेत जावयाचे, रंगवलेल्या पडद्यापुढे खुर्चीशी उभे राहावयाचे आणि श्वास रोखावयाचा, अशी पद्धत पडली. ही बखर होय. घटना घडून गेल्यावर रचलेली.

या काळातील सर्वांत मोठे नाव लाला दीनदयाळ यांचे. आमच्या वाचकांना त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा, कारण ते मुळात सरकारी नोकर होते आणि घरापासून दूर नेमलेले होते. त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधन्याचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूरला बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रुजू झाले. १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती आला. तुकोजीराव होळकर आणि गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी उत्तेजन दिले. पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ साली त्यांनी मुंबईला मोठी चित्रशाळा काढली. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पाऊल वेगळेच. १८९२ साली त्यांनी हैदराबादला केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा उघडली आणि ती केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंच्या हाती सोपवली. पडद्यातील स्त्रियांचे चित्र स्त्रीनेच घ्यावे, ही व्यवस्था त्यांनी एकशेतीस वर्षांपूर्वी ओळखली. तिची गरज गुरुग्रामच्या शिवारात आजही कशी भासते, हे पुढे येईल.

दुसरे नाव आपल्या दादासाहेब फाळक्यांचे. चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यापूर्वी ते गोध्र्याला धंदेवाईक छायाचित्रकार होते आणि १९०३ साली सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले होते. फोटो काढल्याने माणसाचे आयुष्य घटते या लोकसमजुतीचा त्यांच्या धंद्याला फटका बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. ही समजूत हसण्यावारी नेण्याजोगी खरी. पण तिच्या मुळाशी एक शहाणपण होते. आपल्या चेहऱ्याची प्रत दुसऱ्याच्या हाती गेली की आपला तिच्यावरचा ताबा सुटतो, हे त्या अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांना जाणवले होते. आज ज्यांची चित्रे क्षणात हजार ठिकाणी पसरतात, त्यांना हे अधिक कळावयास हवे.

तिसरे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांचे. मुंबईत छायाचित्रणाच्या सामानाचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती लावून तिचे चलच्चित्र घेतले; १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे घेतले; आणि १९०३ चा दिल्ली दरबारही टिपला. यांतील पहिले चित्र ठरवून घडवून आणलेल्या प्रसंगाचे होते, परांजप्यांच्या स्वागताचे मात्र आपोआप घडणाऱ्या प्रसंगाचे. भारतातील माहितीपटाचा उगम येथे मानतात. एका मराठी दुकानदाराच्या हातून अवघ्या दोन वर्षांत रचलेले आणि घडलेले यांमधील अंतर कापले गेले, ही गोष्ट आम्हांला लहान वाटत नाही.

‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द चित्रपटाला लावला तो जॉन ग्रिअरसन या स्कॉटिश टीकाकाराने, १९२६ साली. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत लायका नावाचा लहान कॅमेरा बाजारात आला होता. तो हातात मावे, गळ्यात अडकवता येई आणि एका रिळात छत्तीस चित्रे घेई. शब्द आणि यंत्र अशी एकत्र आली. पुढच्या दशकात अमेरिकेच्या सरकारने मंदीने नाडलेल्या शेतकऱ्यांची चित्रे घेण्यासाठी छायाचित्रकार पगारावर नेमले. म्हणजे खेड्यातील खऱ्याखुऱ्या जीवनाचे चित्रण करणारा हा माणूस आरंभी लग्नाचा वऱ्हाडी नव्हता. तो सरकारी नोकर किंवा वार्ताहर होता आणि त्याचा विषय दुःख होते. लग्नाच्या मांडवात तो पुष्कळ उशिरा आला.

तो कसा आला याची दोन ठळक उदाहरणे देता येतात, आणि योगायोग असा की दोन्ही लग्ने शहराबाहेरची व एकाच घराण्यातील आहेत. १२ सप्टेंबर १९५३ रोजी जॉन केनेडी यांचे लग्न अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे झाले. भोजनसमारंभ हॅमरस्मिथ फार्म या शेतवाडीवर होता. त्याची चित्रे टोनी फ्रिसेल या बाईंनी घेतली. त्यांनी दुसऱ्या महायुद्धात युद्धभूमीवरील चित्रे घेतलेली होती, आणि त्यांचा संग्रह आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. पुढे २१ सप्टेंबर १९९६ रोजी त्याच केनेडींच्या मुलाचे लग्न जॉर्जियातील कंबरलंड बेटावर, एका लहानशा लाकडी चर्चमध्ये, मोजक्या माणसांत झाले. तेथे डेनिस रेगी या छायाचित्रकाराने चर्चच्या दारात नवऱ्याने नवरीच्या हाताचे चुंबन घेतल्याचा क्षण टिपला. ते चित्र जगभर गेले आणि लग्नातही वार्ताहरासारखे चित्र घेता येते, ही कल्पना लोकप्रिय झाली. आडगावातील साधे लग्न आणि न सांगता काढलेले चित्र, ही जोडी तेव्हापासून श्रीमंतीचेही लक्षण होऊन बसली आहे.

आता गुरुग्रामकडे वळू. मराठी वाचकाला हा मुलूख अगदीच अपरिचित नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंद्यांच्या काळात येथे मराठ्यांचा अंमल होता. अप्पा खंडेराव या मराठा सरदाराच्या पदरी जॉर्ज टॉमस हा आयरिश शिपाई याच टापूत वाढला. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने हा प्रदेश दौलतराव शिंद्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. आज उंच इमारतींच्या गर्दीत दडलेले झाडसा आणि पलीकडचे बादशाहपूर हे परगणे १८३६ पर्यंत बेगम समरूच्या जहागिरीत होते. त्याच बेगमेची राजधानी सरधना, आणि तेथेच पुढे आठ वर्षांनी दीनदयाळ जन्मले. १९६६ पर्यंत हा जिल्हा पंजाबात होता, नंतर हरियाणात आला. २००५ साली मेवातचा भाग तोडून निराळा जिल्हा झाला. २०१६ साली गुडगावचे गुरुग्राम झाले.

या जिल्ह्यात चित्राचा उपयोग खेड्यासाठी करण्याचा एक गाजलेला प्रयत्न एका अधिकाऱ्यानेच केला होता. १९२० च्या दशकात येथे एफ. एल. ब्रेन हे डेप्युटी कमिशनर होते. त्यांनी ग्रामोद्धाराची जी मोहीम काढली, ती ‘गुडगाव प्रयोग’ म्हणून प्रसिद्ध आहे. स्वच्छता, खतांचे खड्डे, मुलींचे शिक्षण, दागिन्यांचा सोस सोडणे हे विषय ते जादूच्या कंदिलाच्या चित्रांनी गावकऱ्यांना समजावून देत. त्याच सुमारास, १९२५ साली, पंजाबातील दुसरे अधिकारी माल्कम डार्लिंग यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावर ग्रंथ लिहिला आणि लग्नातील खर्च हे त्याचे एक कारण म्हणून दाखविले. ब्रेन यांचा प्रयोग ते बदलून गेल्यावर फारसा टिकला नाही. साहेबाने खेड्याला चित्र दाखविले, पण खेड्याचे स्वतःचे चित्र कोणी घेतले नाही, हे त्या अपयशाचे एक लक्षण आम्हांस वाटते. खेडे हा पाहणारा होता, पाहिला जाणारा होता. सांगणारा कधीच नव्हता.

आजचा प्रश्न याच धाग्याने पुढे येतो. ज्या शिवारात आता दिव्यांच्या माळा लावून पाहुण्यांची लग्ने होतात, तेथल्या मूळच्या लोकांचीही स्वतःची लग्ने आहेत आणि ती अत्यंत अर्थपूर्ण आहेत. वधूची किंवा वराची आई माहेरी जाऊन भावाला ‘भात’ घेऊन येण्याचे निमंत्रण देते. भाऊ आहेर घेऊन येतो तेव्हा भावाबहिणीची जी भेट होते, तिला मामाच्या मानाची सवय असलेल्या मराठी माणसाने दुभाष्याशिवाय समजून घ्यावे. स्त्रिया गात गात कुंभाराच्या घरी जातात आणि त्याच्या चाकाची पूजा करतात. आपल्याकडेही बोहल्याच्या उतरंडी कुंभाराकडूनच येतात. मग बान, म्हणजे हळद-उटणे, मग घुडचढी. आणि वरात मुलीच्या गावी गेली की त्या रात्री मुलाच्या घरी मागे राहिलेल्या बायका ‘खोडिया’ करतात. पुरुषांचे कपडे घालून नकला, लटकी लग्ने, थट्टा, एरवी ओठांवर न येणारी गाणी. तेथे पुरुषाला मज्जाव असतो.

‘जे घडते ते टिपतो’ म्हणणाऱ्या छायाचित्रकाराची खरी परीक्षा या खोडियापाशी होते. पुरुष असेल तर त्याने तेथे जाऊ नये, हे उघड आहे. स्त्री असली तरी जे गाणे चार भिंतींत गाण्याची मुभा आहे, ते चित्राच्या रूपाने बाहेर न्यावे काय? दीनदयाळांनी स्त्रीच्या हाती कॅमेरा देऊन अर्धा प्रश्न सोडविला. उरलेला अर्धा, म्हणजे चित्र कोठवर जावे, हा घरच्या बायकांनीच ठरवावयाचा आहे. घुंगटाआडच्या सुनेलाही हेच लागू होते. तिचा चेहरा टिपला गेला तर सत्य हाती लागले असे छायाचित्रकाराला वाटेल. ज्यांच्यात तिला राहावयाचे आहे त्यांच्या लेखी तो आगळीक ठरू शकेल, आणि त्याची किंमत छायाचित्रकार देणार नाही, ती देईल.

उजेडाचाही येथे विचार करावा लागतो. आपली लग्ने बहुधा दिवसा किंवा गोरज मुहूर्तावर लागतात. उत्तरेकडील फेरे रात्री उशिरा होतात आणि लग्नसराई ऐन थंडीत, धुक्याच्या दिवसांत असते. प्रथम मॅग्नेशियमची भुकटी, मग १९३० च्या सुमारास आलेला काचेचा फ्लॅशबल्ब, मग डोक्यावर ट्यूबलाइटी घेऊन चालणारी माणसे आणि १९८० नंतरचा व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा, अशी ही रात्र उजळत गेली. या प्रत्येक दिव्याने जे उजेडात आणले, त्याबरोबर त्याने प्रसंग आपल्या ताब्यात घेतला : पुरोहित दिव्याकडे पाहून मंत्र म्हणू लागले आणि वधूवर व्हिडिओवाल्याच्या सांगण्यावरून हार दुसऱ्यांदा घालू लागले. मुहूर्ताची घटिका टळते तेव्हा जोशीबुवांना दोष देणाऱ्या घरधन्याने कॅमेऱ्याकडेही पाहावे. अंधारात दिव्याशिवाय चित्र घेणारे आजचे यंत्र हे म्हणूनच मोठे वरदान आहे. होमाच्या ज्वाळेत जितके दिसते तितकेच त्यात दिसते. ड्रोन मात्र या गुणाला पारखा आहे. शिवाय २०२१ च्या नियमांनी विमानतळाभोवतीच्या आकाशावर निर्बंध घातले आहेत आणि इंदिरा गांधी विमानतळ गुरुग्रामच्या शेजारीच आहे, हे सरकारी नोकराला तरी सांगावयास नको.

डॉक्युमेंटरी पद्धतीचा मोठा गुण कोणता, असे विचारल्यास आम्ही एकच सांगू. जुन्या बसविलेल्या चित्रात कोणाला कोठे उभे करावयाचे हे घरातील वडीलधारे ठरवीत. मध्ये वधूवर, शेजारी व्याही, मागे कर्ते पुरुष. त्या चौकटीत विधवा आत्या नसे. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असे, आणि लाडू तिनेच वळलेले असत. वाजंत्री नसत, आचारी नसे, पाणी भरणारा गडी नसे. जो कोणाला रांगेत उभा करीत नाही, त्याच्या चित्रात ही सारी माणसे आपोआप येतात. पन्नास वर्षांनी नातवंडे अल्बम उघडतील तेव्हा त्यांना व्याह्यांच्या फेट्यापेक्षा त्या आत्येचा चेहरा अधिक मोलाचा वाटेल. बखरीतून वगळलेली माणसे रोजकिर्दीत सापडतात, ती अशी.

आणि दोषही येथेच आहे. गावातील लग्नात जेव्हा शहरातील पाहुणे उतरतात, तेव्हा बाजेवर बसलेला म्हातारा, पलीकडच्या शेतात गवताचा भारा नेणारी बाई, ढोल वाजविणारा पोरगा हे सारे न मागता चित्रात येतात आणि शोभेची वस्तू होऊन बसतात. त्यांनी कोणाला परवानगी दिलेली नसते, चित्राची प्रतही त्यांना मिळत नाही. ज्याच्या दारापुढे उभे राहून चित्र घेतले, त्याला एक प्रत पोचती करणे हा साधा शिष्टाचार जरी पाळला गेला, तरी ब्रेनसाहेबांच्या कंदिलापेक्षा आपण एक पाऊल पुढे गेलो असे होईल.

लग्नाचे चित्र हा कायद्याच्या दृष्टीनेही कागद आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढ विधींनी लागलेले लग्नच ग्राह्य मानले. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लग्न ‘लागले’ असे म्हणण्यासाठी योग्य विधी झालेले असले पाहिजेत; होम आणि सप्तपदी यांना फाटा देणारी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून दुसऱ्या लग्नाचा आरोप टिकला नाही. हार घातलेल्या जोडप्याचे सुंदर चित्र अशा प्रसंगी निरुपयोगी असते. सातवे पाऊल पडतानाचे ओबडधोबड चित्र उपयोगी पडू शकते. २००६ साली न्यायालयाने विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले आणि हरियाणाने त्यासाठी २००८ साली कायदा केला. २०२४ साली त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे ‘विधी थांबवू नका, घडतील तसे टिपा’ ही सूचना केवळ अभिरुचीची राहत नाही. टाकलेल्या स्त्रीला पुढे-मागे न्यायालयाची पायरी चढावी लागली, तर तिच्या बाजूचा एक साक्षीदार म्हणून ते चित्र उभे राहू शकते.

सरकारी नोकरांच्या दृष्टीने आणखी एक बाजू आहे. वर्तणुकीच्या १९६४ च्या नियमांनी हुंडा देणे-घेणे निषिद्ध केले आणि लग्नातील भेटींवर मर्यादा घातल्या. १९८५ च्या नियमांनी वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवावयास सांगितली. ती यादी किती घरांत लिहिली जाते, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे. परंतु न सांगता चित्र घेणारा माणूस मांडवात फिरू लागला की, कोणत्या ठेकेदाराने काय आणून ठेवले हे तो न कळत लिहून ठेवतो. ज्याला असा कारकून परवडत नसेल, त्याने त्याला बोलावू नये. किंवा अधिक चांगले म्हणजे तसल्या भेटी घेऊ नयेत.

चित्राची मालकी कोणाची, हा प्रश्न पुष्कळांना सुचतच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम स्पष्ट आहे : मोबदला देऊन, आपल्या सांगण्यावरून काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. मात्र आज ठरावाचा कागद बहुधा छायाचित्रकार आणतो, आणि मालकी स्वतःकडे ठेवणारे व चित्रे जाहिरातीसाठी वापरण्याची मुभा घेणारे वाक्य त्यात बारीक अक्षरांत असू शकते. दिवसभर फाइलींवरील मसुद्यात स्वल्पविराम शोधणारा अधिकारी हा कागद न वाचता सही करतो, हे नवल आहे. मालकी कोणाची, मूळ चित्रे केव्हा मिळणार, बायकांच्या कार्यक्रमात कोण जाणार, कोणती चित्रे बाहेर जाणार नाहीत, एवढी चार वाक्ये त्यात आपल्या हाताने घालावीत. मुलीच्या लग्नाचा ठराव असेल तर ती मुलीला विचारून घालावीत, कारण चित्रे तिची आहेत.

शेवटचा प्रश्न जतनाचा. गुरुग्रामात २०१९ साली म्युझिओ कॅमेरा हे छायाचित्रणाचे संग्रहालय उभे राहिले. छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहातून आणि तेथील महानगरपालिकेच्या सहकार्याने ते घडले असून आम्ही वर उल्लेखिलेल्या जुन्या यंत्रांची घराणी तेथे पाहावयास मिळतात. याच आर्य यांच्याकडे कुलवंत रॉय यांचा ठेवा आला. रॉय हे स्वातंत्र्यकाळातील दिल्लीचे नामांकित वृत्तछायाचित्रकार. जगप्रवासात घेतलेल्या चित्रांची पाकिटे त्यांनी टपालाने घरी धाडली आणि ती पोहोचलीच नाहीत. १९८४ साली ते वारले. उरलेल्या पेट्या कित्येक वर्षे मिटलेल्या राहिल्या आणि पुढच्या पिढीने त्या उघडल्या म्हणून इतिहासाचा मोठा भाग वाचला. राजवाडे गावोगाव माळ्यावरची रुमाले धुंडाळीत फिरले, तेव्हा त्यांनाही हेच दिसले होते : जे कोणी लिहिले ते वाळवीने खाल्ले, आणि जे वाचले ते केवळ कोणीतरी पेटी फेकली नाही म्हणून वाचले.

आजच्या लग्नाची हजारो चित्रे एका लहानशा डबीत घरी येतात. ती डबी एका बदलीत हरवते, दुसऱ्या बदलीत बंद पडते. जुन्या काळची एक तसबीर तीन पिढ्या टिकली, ती कागदावर होती आणि भिंतीवर होती म्हणून. तेव्हा हजारांतून शंभर निवडावीत, ती चांगल्या कागदावर छापून घ्यावीत, आणि प्रत्येकाच्या मागे, घरात वडीलधारे आहेत तोवर, माणसांची नावे, नाते, गाव आणि तारीख शाईने लिहून ठेवावी. रोजकिर्दीचे मोल तिच्या तारखेत असते. नाव नसलेला चेहरा दोन पिढ्यांनी परका होतो, मग तो टिपणारा कितीही कुशल असो.

छायाचित्रकार निवडताना आपण कारागीर निवडीत नाही, घरासाठी दप्तरदार नेमीत असतो, एवढे ध्यानात ठेवले तर पुष्कळ प्रश्न आपोआप सुटतील. त्याला घरातील माणसांची ओळख करून द्यावी, कोठे जावयाचे आणि कोठे नाही ते सांगावे, आणि मग त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, सभासदाने जिंजीत बसून लिहिले ते आपल्या कामी आले, कारण कोणीतरी ते लिहवून घेतले आणि कोणीतरी ते जपले. दूरदेशी राहणाऱ्यांना लिहवून घेण्याची आणि जपण्याची गरज घरी राहणाऱ्यांपेक्षा अधिक असते. पुढे आपल्या नातवंडांनी आत्येचे नाव विचारले, तर ते चित्रामागे लिहिलेले असावे, एवढीच आमची विनंती आहे.